'नाइटगाऊन'मधली 'नाइट' नेमकी कसली?

पोथीवाचक

'मॅकबेथ'साठी मराठी टिपा तयार करताना 'नाइटगाऊन' या साध्या दिसणाऱ्या इंग्रजी जोडशब्दापाशी गाडी अडली आहे. नाइट अधिक गाऊन, म्हणजे रात्री झोपताना घालायचा झगा, असा अर्थ धरला की जुनी वाक्ये फसतात. तीन नमुने देतो.

एक. 'मॅकबेथ', अंक ५, प्रवेश १. राणीच्या, म्हणजे लेडी मॅकबेथच्या, तैनातीतली बाई वैद्याला सांगते की बाईसाहेब बिछान्यातून उठतात, नाइटगाऊन अंगावर टाकतात, कुलूप उघडून कागद काढतात, लिहितात, वाचतात, मोहोर लावतात आणि पुन्हा बिछान्यात शिरतात. झोपेचा कपडा झोपेतून उठल्यावर कसा काय चढवला?

दोन. सॅम्युअल पीप्सची रोजनिशी, २ सप्टेंबर १६६६. लंडनमध्ये आग दिसतेय म्हणून मोलकरीण पहाटे तीनच्या सुमारास उठवते. पीप्स उठतो, नाइटगाऊन चढवतो, तिच्या खिडकीशी जातो. क्रम तोच.

तीन. सर वॉल्टर रॅले, २९ ऑक्टोबर १६१८, वेस्टमिन्स्टर. शिरच्छेदासाठी आणले तेव्हा अंगावर काळ्या मखमलीचा नक्षीदार नाइटगाऊन होता, असे वर्णन मिळते. हे तर भर सकाळी आणि शेकडो लोकांसमोर.

कोशात मात्र हा शब्द १४०० च्या आसपासचा आणि अर्थ 'रात्रीचा सैल झगा' असा सापडतो. तेव्हा विचारायचे ते असे: मूळ अर्थ काय होता, तो बिछान्यात कधी शिरला, आणि नाइटड्रेस, नाइटशर्ट, नाइटी ही भावंडे कुठल्या क्रमाने आली? तारखा स्वतः पडताळून पाहायच्या तर कुठे शोधायचे, तेही सांगा.

दप्तरदार

आजचा अर्थ बाजूला ठेवला की तिन्ही नमुने सुटतात. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत 'नाइटगाऊन' म्हणजे मुख्यतः बाहेरचा, औपचारिक पोशाख उतरवल्यावर वरून घ्यायचा सैल, लांब, बहुधा उबदार झगा. झोपायच्या आधी, उठल्यानंतर, घरात लिहिता-वाचताना, आजारपणात, जवळच्या माणसांना भेटताना तो अंगावर असे. बिछान्यात शिरताना तो काढून ठेवत.

उत्तरार्धातला 'गाऊन' आधी पाहा. हा शब्द १३०० च्या सुमारास जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याच्या मागे उत्तरकालीन लॅटिनमधला 'गुन्ना' आहे, म्हणजे कातडी किंवा फर लावलेले वस्त्र. आठव्या शतकात सेंट बोनिफेसच्या लिखाणात म्हाताऱ्या आणि आजारी भिक्षूंना हे वस्त्र वापरायची मुभा दिलेली आढळते. म्हणजे 'गाऊन' मुळातच थंडीत वरून घ्यायचे जाड वस्त्र. अंगाला लागून असणाऱ्या कपड्याला इंग्रजीत तेव्हा वेगळे शब्द होते: पुरुषांचा 'शर्ट', बायकांचा 'स्मॉक'. झोपताना हेच दिवसाचे आतले तागाचे कपडे अंगावर ठेवत, नाहीतर काहीच ठेवत नसत.

आता 'नाइट'. ही झोपेची खूण नाही, दिवसाचा औपचारिक पोशाख संपल्याची खूण आहे. सोळाव्या शतकातला उच्चवर्गीय पोशाख डोळ्यांसमोर आणा. पुरुषाच्या डब्लेटला, म्हणजे अंगाबरोबर बसणाऱ्या जाकिटाला, खालची तुमान नाड्यांनी बांधलेली, बाह्या कित्येकदा वेगळ्या आणि त्याही बांधायच्या. बाईच्या अंगावरचे थर टाचण्यांनी जोडलेले, त्यामुळे कपडे घालायला आणि उतरवायला दुसरे माणूस लागे. एकदा हे सगळे सोडले की पुन्हा बांधणे हा अर्ध्या तासाचा उद्योग. मग गार पडलेल्या घरात नुसत्या शर्टावर वावरायचे कसे? त्याचे उत्तर नाइटगाऊन.

पुरावा हवा तर डॉ. जॉन्सनचा १७५५ चा कोश उघडा. नाइटगाऊनची व्याख्या तिथे 'अनड्रेस'साठी वापरायचा सैल गाऊन अशी आहे. इथे 'अनड्रेस' म्हणजे उघडे अंग नव्हे, अनौपचारिक पोशाख. व्याख्येत बिछाना नाही, झोप नाही.

तुमची राणी आणि पीप्स दोघेही उठून अंगातल्या तागाच्या कपड्यावर झगा चढवताहेत. रॅलेच्या वर्णनात त्या मखमली झग्याखाली साटीनचा डब्लेट होता, आणि ओंडक्यावर मान ठेवण्याआधी त्याने झगा आणि डब्लेट दोन्ही उतरवले. डब्लेटवरून घातलेला कपडा झोपेचा कसा असेल?

सुईदोरा

वरच्याशी सहमत. कापडाच्या बाजूने भर घालते, कारण निम्मे कोडे तिथेच सुटते.

अंगाला लागणारा कपडा वारंवार धुवावा लागतो. त्यासाठी ताग हवा, कारण तो उकळता येतो, बडवता येतो, उन्हात पांढरा करता येतो. जुने नाइटगाऊन कशाचे असत ते पाहा: डमास्क, मखमल, साटीन, लोकर, आत अस्तर, कडेला किंवा आतून फर. आठव्या हेन्रीच्या १५३२ च्या खर्चात ॲन बोलीनसाठी केलेल्या नाइटगाऊनची नोंद आहे. कापड काळे साटीन, अस्तर काळ्या तफेत्याचे, काठ मखमलीचा. हा कपडा पाण्यात घातला की संपला. साटीन सुरकुतते, अस्तर आणि वरचे कापड वेगवेगळे आटते, शिवणी ओढल्या जातात. असले वस्त्र घालून कोणी घामेजल्या अंगाने गादीवर लोळत नाही.

म्हणून जुन्या मजकुरात हा शब्द भेटला की आधी शेजारी कापडाचे नाव आहे का ते बघा. रेशीम, मखमल, डमास्क, फर असेल तर तो वरून घ्यायचा झगा. नुसता ताग किंवा मलमल, आणि तीही डझनाच्या हिशेबात असेल, तर झोपेच्या कपड्याची शक्यता वाढते. धुवायचे कपडे डझनाने शिवत, मखमली झगे एकेक.

क्रियापदही बघा. 'टाकला', 'चढवला', 'वरून घेतला' असे असेल तर खाली आधीच काही आहे.

पोथीवाचक

कापडाची कसोटी पटली. एक शंका उरते. अठराव्या शतकातल्या पत्रांत बायका नाइटगाऊन घालून फिरायला जातात, चहाला जातात. नुसता सैल घरगुती झगा घालून?

सुईदोरा

नाही, तिथे तो सैलही राहिलेला नाही. बायकांच्या बाबतीत शब्द आणखी एक वळण घेतो. दरबारी किंवा समारंभी पोशाखाखालच्या पायरीवरचा जो कोणता गाऊन, तो नाइटगाऊन, असा अर्थ पसरला. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये ज्याला नाइटगाऊन म्हणत, तो पाठीवर चुण्या शिवून कंबरेपर्यंत अंगाबरोबर बसवलेला, पुढून उघडा आणि खालचा पेटीकोट दिसेल असा पोशाख. फ्रेंचांनी त्याला 'इंग्रजी पद्धतीचा गाऊन' असे नाव दिले आणि पोशाखाच्या इतिहासात आज तेच फ्रेंच नाव चालते. त्यामुळे संग्रहालयात त्या पोशाखाखालच्या पाटीवर 'नाइटगाऊन' दिसत नाही आणि वाचणारा गोंधळतो. वस्तू तीच, पाटी वेगळी.

या अर्थाची मुळे शेक्सपिअरमध्येही दिसतात. 'मच अडू अबाउट नथिंग', अंक ३, प्रवेश ४: मिलानच्या डचेसचा गाऊन हीरो नावाच्या वधूच्या लग्नाच्या पोशाखापुढे नुसता नाइटगाऊन आहे, असे तिची दासी मार्गारेट म्हणते. आणि लगेच त्या डचेसच्या गाऊनचे वर्णन करते, तर त्यात जरीचे कापड, रुपेरी कलाकुसर आणि मोती! झोपेचा काही संबंध नाही. 'नाइटगाऊन' म्हणजे इथे फक्त 'त्यापुढे साधा'.

तत्पुरुष

व्याकरणाच्या अंगाने थोडे.

मराठीत आपण 'क्रीडांगण' फोडतो तेव्हा 'क्रीडेसाठी अंगण' असा विग्रह करतो आणि लुप्त विभक्ती कुठली ते सांगतो. इंग्रजी जोडनामांतही असाच एक संबंध गाळलेला असतो. नाइटगाऊन चतुर्थी तत्पुरुष म्हणावा तर 'रात्रीसाठी गाऊन' एवढेच कळते. रात्री काय करण्यासाठी, हे समासात नाही. बसण्यासाठी, लिहिण्यासाठी, झोपण्यासाठी, काहीही बसू शकते. म्हणूनच वस्तू बदलली तरी शब्दाला हात लावावा लागला नाही. 'स्लीपिंग' असे पूर्वपद असते तर ही सोय राहिली नसती.

पण उत्तरपद मात्र जागचे हलत नाही. 'नाइट-रेल' घ्या. इथले 'रेल' म्हणजे आगगाडीचे रूळ नव्हेत, ते जुन्या इंग्रजीतल्या 'ह्रेगल' म्हणजे 'वस्त्र' या शब्दाचे उरलेले टोक आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात नाइट-रेल चांगलाच चालता शब्द होता. जॉन्सनने त्याचाही अर्थ 'रात्री पोशाखावर टाकायचे सैल आवरण' असा दिला आहे, पुन्हा वरूनच घ्यायची वस्तू. 'रेल' एकटा वापरातून गेला तसे लोकांना ते उत्तरपद कळेनासे झाले आणि जोडशब्दही मागे पडला. 'गाऊन' एकटाही जिवंत होता म्हणून नाइटगाऊन टिकला, असे मला वाटते.

'नाइट'ने सुरू होणाऱ्या सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. 'नाइटमेअर'मधली 'मेअर' घोडी नव्हे, छातीवर बसणारी पिशाचिणी. 'नाइटिंगेल'मध्ये जुने 'गाणे' हे क्रियापद आहे आणि मधला अनुनासिक मागाहून घुसलेला. मूळ 'नाइट' मात्र सगळीकडे तोच, आपल्या 'नक्त' म्हणजे रात्र या शब्दाचा सख्खा नातेवाईक.

चिमटा

मग एवढा खल कशाला? कोशात १४०० च्या नोंदीपुढे काही ठिकाणी चक्क 'नाइटड्रेस म्हणून घालायचा सैल गाऊन' असे दिले आहे. म्हणजे पहिल्यापासून झोपेचाच कपडा.

दप्तरदार

चिमटा, हा सापळा नेहमीचा आहे. संक्षिप्त कोशात तारीख शब्दाच्या पहिल्या नोंदीची असते आणि अर्थ आजच्या वाचकाला कळेल असा. दोन्ही एका ओळीत आले की १४०० साली तोच अर्थ होता असे वाटते. मोठ्या ऐतिहासिक कोशात प्रत्येक अर्थाखाली वेगळी उदाहरणे कालक्रमाने असतात, तिथे खात्री करायची. शिवाय तुम्ही दिलेल्या व्याख्येतला 'नाइटड्रेस' हा शब्दच अठराव्या शतकात कुठे मूळ धरतो. त्याच्या आधारे १४०० चा कपडा ठरवता येणार नाही.

'नाइटड्रेस'चे प्रसिद्ध सुरुवातीचे उदाहरण अलेक्झांडर पोपच्या 'द रेप ऑफ द लॉक'च्या १७१४ च्या वाढीव आवृत्तीत, चौथ्या सर्गात आहे. दर नव्या नाइटड्रेसबरोबर बायकांना नवा आजार होतो, असा टोमणा. म्हणजे नवा झगा मिरवायचा तर बिछान्यात पडून भेटीला येणाऱ्यांना दर्शन द्यायचे. हा टोमणा जुनाच आहे. फिलिप मॅसिंजरच्या १६३२ च्या 'द सिटी मॅडम'मध्ये चाळीस पौंडांच्या नाइट-रेली पाहुण्यांनी हेव्याने बघाव्यात म्हणून आजारपणाचे सोंग घेणाऱ्या बाईची हजेरी घेतली आहे. रात्रीचा कपडा दुसऱ्याने पाहण्यासाठी होता, हे यातून कळते.

आता अर्थ कधी पलटला. एका तारखेला नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'ड्रेसिंग-गाऊन' हा शब्द आला आणि वरून घ्यायच्या झग्याचे काम हळूहळू त्याच्याकडे गेले. पुरुषांच्या झग्याचे काही काम 'बनियन' या पूर्वेकडून आलेल्या सैल झग्याने आधीच उचलले होते, त्यावर कोणीतरी सविस्तर लिहा. बायकांचा शिवून बसवलेला नाइटगाऊन फॅशनमधून गेला. नाव मोकळे झाले. दरम्यान झोपण्यासाठी वेगळा, फक्त त्याच कामाचा तागाचा किंवा सुती कपडा ठेवण्याची रीत वाढत होती, त्याला हे मोकळे नाव मिळाले. १८३८ च्या 'द वर्कवुमन्स गाइड' या शिवणकामाच्या पुस्तकात नाइटगाऊन घरी बेतून शिवायच्या तागा-सुताच्या कपड्यांत येतो. १८४१ मध्ये विल्यम मिलरच्या स्कॉट्स बालगीतातला वी विली विंकी 'निख्ट-गून' घालून गावभर पळतो, तो आज सगळी चित्रे दाखवतात तसा झोपेचाच. पण जुना अर्थही काही काळ सोबत चालला, म्हणून १७८० ते १८४० मधला मजकूर सगळ्यात निसरडा. तिथे सुईदोरा यांची कापडाची कसोटी लावल्याशिवाय निर्णय देऊ नये.

बाकी भावंडे थोडक्यात. 'नाइटकॅप' चौदाव्या शतकाच्या अखेरचा, झोपण्याआधीच्या पेयाचा अर्थ एकोणिसाव्या शतकातला. 'नाइटशर्ट' एकोणिसाव्या शतकात रुळला, कारण दिवसाचा शर्ट आणि रात्रीचा शर्ट वेगळे झाले तेव्हाच वेगळ्या नावाची गरज पडली. 'नाइटी' हे १८७० च्या दशकातले घरगुती लाडाचे रूप. ते नाइटगाऊनचे की नाइटड्रेसचे, हे ठरवण्यात हशील नाही. पूर्वपदच उरले आहे.

जामानिमा

'बनियन'ची जबाबदारी घेतो.

सतराव्या शतकाच्या मध्यापासून पूर्वेकडचे सैल झगे इंग्लंड आणि हॉलंडमध्ये आले. जपानशी व्यापार करणारे एकटे युरोपीय म्हणजे डच. त्यांना तिथून मिळणारे कापूस भरलेले रेशमी किमोनो एका बाजूला, भारतीय छिटाचे झगे दुसऱ्या बाजूला. इंग्रजांनी दोन्हींना सरसकट 'इंडियन गाऊन' म्हटले. पीप्सने मार्च १६६६ मध्ये जॉन हेल्सकडून चित्र काढून घेतले, तेव्हा असा गाऊन भाड्याने आणला होता. चित्र आजही पाहता येते, तपकिरी रेशमी झगा आणि हातात स्वरलिपीचा कागद. 'बनियन' हे नाव गुजराती 'वाणियो' म्हणजे व्यापारी, त्यावरून पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत गेले. आपल्याकडच्या गंजीफ्रॉकवाल्या बनियनचेही मूळ तेच.

पुरुषांच्या बाबतीत नाइटगाऊन, इंडियन गाऊन, बनियन आणि पुढे ड्रेसिंग-गाऊन ही नावे बराच काळ एकमेकांवर चढलेली आहेत. एकाच माणसाच्या मालमत्तेच्या यादीत दोन वेगळी नावे दिसली तर दोन वेगळे बेत असतील, पण दोन वेगळ्या लेखकांत दिसली तर कपडा एकच असू शकतो.

अवांतर वाटेल, पण झोपेच्या कपड्याचा दुसरा मोठा इंग्रजी शब्दही जोडशब्दच आहे, फक्त इंग्रजांना त्याचा सांधा दिसत नाही: 'पजामा'. फारसी 'पाय' म्हणजे पाय आणि 'जामा' म्हणजे वस्त्र. आपल्या 'जामानिमा'तला जामा तोच. इथे तो दिवसाचा पोशाख, हिंदुस्थानातल्या युरोपीयांनी त्याला झोपेचा केला. यूल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात (१८८६) ही सवय इंग्रजांनी पोर्तुगीजांकडून घेतली असावी असे म्हटले आहे. पुरावा म्हणून पिरार या फ्रेंच प्रवाशाची सुमारे १६१० ची नोंद दिली आहे: गोव्याच्या इस्पितळात तुमानी भरपूर, कारण हिंदुस्थानातले पोर्तुगीज त्यांच्याशिवाय कधी झोपत नाहीत. त्याच नोंदीत लंडनच्या जर्मिन स्ट्रीटवरच्या एका शिंप्याचा किस्सा आहे. इकडे येणाऱ्या तरुणांच्या पजाम्यांना कधीकधी पायमोजेच शिवलेले असत. ते का, असे विचारल्यावर त्याचे उत्तर: 'साहेब, वाळवीमुळे असावे.'

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ब्रिटनमध्ये पुरुषांच्या नाइटशर्टला पजाम्याने मागे सारायला सुरुवात केली. पुढे इंग्रजीत त्याची 'पीजे', 'जॅमीज' अशी लाडकी रूपे झाली.

कात्रणवाला

तारखा पडताळण्याबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून.

मध्ययुगीन नोंदींसाठी मिशिगन विद्यापीठाचा मिडल इंग्लिश कोश जालावर फुकट आहे. शोधताना आजचे स्पेलिंग विसरा. 'नाइट'मध्ये आयच्या जागी वाय येतो, 'गाऊन'मध्ये डब्ल्यूच्या जागी यू येतो, शेवटी जादा ई लागतो. शिवाय दोन शब्द सुटे, संयोगचिन्हाने जोडलेले आणि एकत्र, अशी तीन रूपे आहेतच. सतराव्या-अठराव्या शतकात पहिली दोनच जास्त भेटतात. एकत्र रूपच शोधले तर शब्द उगाच तरुण वाटतो.

अठराव्या शतकासाठी सर्वांत कामाची जागा म्हणजे लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाचे खटले, १६७४ ते १९१३, तेही फुकट. चोरीच्या आरोपपत्रात प्रत्येक कपडा, पुष्कळदा कापड आणि त्याची किंमत लिहिलेली असते. नाइटगाऊन कशाचा होता आणि शर्टापेक्षा किती पट महाग, हे तिथे एका ओळीत कळते. साहित्यातल्या उताऱ्यापेक्षा मी या पुराव्याला जास्त वजन देईन, कारण कारकुनाला शैलीशी देणेघेणे नसते.

गूगलच्या शब्दवारंवारतेच्या आलेखात तीन ठिकाणी फसगत होते.

पहिली लांब एसची. १८०० च्या आसपासपर्यंत इंग्रजी छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला एस एफसारखा दिसे. यंत्र तो एफ वाचते. त्यामुळे 'नाइट-शर्ट' तिथे 'नाइट-फ्हर्ट' होतो आणि 'ड्रेस'मधल्या दोन एसपैकी पहिला एफ होतो. आलेखात १८०० ला या शब्दांनी एकदम उसळी मारलेली दिसली तर तो शब्दाचा जन्म नव्हे, खिळा बदलला. 'नाइटगाऊन'मध्ये एस नाही, त्यामुळे तो यातून वाचतो. म्हणून तर दोघांची थेट तुलना करू नये, नाइटगाऊन खोटा आघाडीवर दिसतो. एफवाले रूप वेगळे शोधून बेरीज करा.

दुसरी गुळगुळीतपणाची. आलेख आपोआप आजूबाजूच्या वर्षांची सरासरी काढतो. तो आकडा शून्यावर आणा, नाहीतर १७१४ चा एक उल्लेख १७११ पासून असल्यासारखा दिसेल.

तिसरी पुनर्मुद्रणाची. पीप्सची रोजनिशी १८२५ मध्ये प्रथम छापली गेली. तिच्यातला नाइटगाऊन आलेखात एकोणिसाव्या शतकात मोजला जातो, अर्थ मात्र सतराव्यातला. शेक्सपिअरच्या आवृत्त्यांचे तर विचारूच नका. आकडा बघून थांबू नका, पुस्तकाचे पान उघडा.

पोथीवाचक

सगळ्यांचे आभार, टीप जवळजवळ लिहून झाली. आता शेवटचे, भाषांतराचे. अंक २, प्रवेश २ मध्ये राजाचा खून झाल्यावर दारावर थापा पडतात आणि लेडी मॅकबेथ नवऱ्याला नाइटगाऊन घालायला सांगते, नाहीतर आपण जागे होतो हे उघड होईल. इथे 'झोपेचा झगा' म्हटले तर काय बिघडते? आणि 'ऑथेल्लो'तही तोच शब्द आहे, तिथेही तेच चालेल का?

दप्तरदार

'झोपेचा झगा' म्हटले तर अर्थ कामापुरता लागतो, पण चाल बोथट होते. हाक आल्यावर बिछान्यातून घाईने उठलेला माणूस जे वरून ओढून येतो, ते सोंग तिला हवे आहे. पुढच्याच प्रवेशात आरडाओरडा होऊन सगळे जमतात, तेव्हा मॅकबेथचा सहकारी सेनापती बँको म्हणतो की आपली उघडी, गारठणारी अंगे आधी झाकू आणि मग भेटू. म्हणजे बाकीचे खरोखर अर्धवट कपड्यांत धावत आले आहेत. त्यांच्यात दिवसाच्या पोशाखातला मॅकबेथ लगेच उठून दिसला असता. 'अंगावर झगा घ्या' एवढे पुरे. क्रियापद 'घ्या' ठेवा, 'घाला' नको. अंक ५ मध्येही तोच झगा, तेच क्रियापद, म्हणजे प्रेक्षकाला दुवा लागेल. तिथे राणी झोपेत हात धुवायला आणि नाइटगाऊन घ्यायला सांगते, ती याच रात्रीची उजळणी आहे. दोन ठिकाणी दोन मराठी शब्द वापरले तर ती उजळणी हरवते.

रंगसूचनांतही हा शब्द वेशभूषेची खूण म्हणून येतो, तेव्हा टिपेत तेही घाला. १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्रित मोठ्या आवृत्तीत, ज्युलियस सीझर वादळी रात्री घरी नाइटगाऊनमध्ये प्रवेश करतो. १६०३ च्या पहिल्या क्वार्टोत, म्हणजे त्या एकाच नाटकाच्या लहान आकाराच्या छापील आवृत्तीत, हॅम्लेटच्या बापाचे भूत राणीच्या महालात नाइटगाऊनमध्ये येते. तटावर चिलखतात दिसलेला राजा घरात घरच्या झग्यात.

'ऑथेल्लो'चा चौथ्या अंकाचा तिसरा प्रवेश जपून हाताळा. ऑथेल्लोची बायको डेस्डिमोना आधी आपले रात्रीचे कपडे मागते, तिथे शब्द 'नाइटली वेअरिंग' आहे. नंतर तिच्या सेवेतली एमिलिया विचारते, नाइटगाऊन आणू का? डेस्डिमोना म्हणते, नको, इथल्या टाचण्या काढ. दोन्हींना 'झोपेचे कपडे' केले तर एमिलिया तीच वस्तू दुसऱ्यांदा आणायला निघाल्यासारखी वाटते. पहिल्यासाठी 'रात्रीचे कपडे', दुसऱ्यासाठी 'झगा'. डेस्डिमोना सरळ बिछान्यातच जाणार आहे, तिला वरून घ्यायला काही नको.

सुईदोरा

फक्त 'झगा'ऐवजी 'अंगरखा' कोणी सुचवला तर घेऊ नका. अंगरख्याला बंद असतात आणि तो चारचौघांत जायचा पोशाख आहे. इथे पुढून उघडा, अस्तराचा, पायघोळ कपडा हवा. एकदा 'पायघोळ झगा' लिहा, पुढे नुसता 'झगा'.